पोंक, भरीत आणि पीटचा धूर

सुरतहून बडोद्याकडे निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि कोसाडला येते. एकेकाळचं हे वेगळं गाव आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि पालिकेनं शहरी गरिबांसाठी बांधलेल्या मोठ्या वसाहतीमुळे ओळखलं जातं. धुरकट चवीच्या सिंगल माल्ट व्हिस्कीबद्दल लिहिताना सुरुवात कोसाडपासून करावी, हे कुणालाही विचित्र वाटेल, कारण इथे दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा सुरत जिल्ह्यालाही लागू होता. 1 मे 1960 ला राज्याचे दोन भाग झाले तेव्हा तोच कायदा दोघांच्याही वाट्याला आला. महाराष्ट्रात तो परवान्यांच्या वाटेनं सैल होत गेला, गुजरातनं तो कडक ठेवला. पुण्यात परवाना काढून जे करता येतं, ते कोसाडमध्ये गुन्हा ठरतं, आणि दोन्हीकडच्या कायद्याचं मूळ एकच आहे. तरीही सुरुवात इथूनच करायची, कारण मला जे म्हणायचं आहे ते इथे सर्वांत स्वच्छ दिसतं. पीटच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची पारख ही मुळात नाकाची विद्या आहे. पिणं हा तिच्यातला अगदी लहान भाग. आणि या विद्येची निम्मी तयारी तापीकाठच्या आणि खानदेशातल्या माणसाच्या नाकात आधीच झालेली असते. बाटलीवरचा आकडा, वय, किंमत आणि 'कडकपणा' यांभोवती फिरणाऱ्या गप्पांमध्ये नेमकी हीच गोष्ट हरवते.

सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आलेल्या जवापासून, तांब्याच्या भांड्यात गाळलेली व्हिस्की. ती स्कॉच म्हणवायची असेल तर स्कॉटलंडमध्येच गाळलेली, तिथेच ओकच्या पिंपात किमान 3 वर्षं मुरलेली आणि निदान 40 टक्के अल्कोहोल असलेली हवी. तिथल्या 2009 च्या नियमांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. भारतात व्हिस्की या नावानं खपणारा बहुतेक माल याहून वेगळा असतो. त्यातला मोठा भाग उसाच्या मळीपासून केलेल्या, जवळजवळ बिनवासाच्या स्पिरिटचा असतो आणि त्यात थोडं माल्ट मिसळलेलं असतं. कोसाडच्या पुढे दोन स्थानकं गेलं की सायण लागतं, तिथे सहकारी साखर कारखाना आहे. दक्षिण गुजरातचा हा सगळा पट्टाच उसाचा, त्यामुळे मळी म्हणजे काय हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मळीपासून केलेलं स्पिरिट युरोपीय संघात व्हिस्की म्हणून विकता येत नाही. त्यामागचं एक कारण साधं आहे: इतकं शुद्ध करून गाळल्यावर मूळ पदार्थाचा वास त्यात उरत नाही. माल्टमध्ये तो उरतो. म्हणूनच धुराचा प्रश्न माल्टच्या बाबतीतच उभा राहतो.

आता पीट. थंड प्रदेशातल्या दलदलीत शेवाळ, गवत आणि हेदरसारखी झुडपं मरून पडतात. पाणी आम्लधर्मी असतं, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून ती पुरती कुजत नाहीत, नुसती साठत जातात. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे मीटरभर जाडीचा थर व्हायला हजारेक वर्षं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे. तिथे झाडी थोडी आणि कोळसा समुद्रावरून आणावा लागे. दलदलीतून विटांसारखं कापून उन्हावाऱ्यात सुकवलेलं पीट हेच घरातल्या चुलीचं आणि दारूच्या भट्टीचंही इंधन होतं. व्हिस्कीसाठी जव भिजवून मोड आणतात. मोड आले की दाण्यातल्या पिठुळ भागाची साखर करणारी विकरं तयार होतात. मग मोडाची वाढ रोखण्यासाठी दाणे वाळवावे लागतात, आणि वाळवताना खाली जे जळत असे त्याचा धूर दाण्यांना लागे. दाणा ओलसर असतो तोवरच धूर धरून ठेवतो. म्हणून आजही पहिल्या काही तासांत पीट धुमसवून त्याचा दाट धूर सोडतात आणि पुढचं वाळवणं नुसत्या गरम हवेवर पूर्ण करतात. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर रेल्वे पोचली, कोळसा आणि कोक स्वस्त झाला, तशी तिथल्या बहुतेक भट्ट्यांनी पीटचा वापर कमी केला. बेटांवर तो टिकला. आज ज्या चवीसाठी लोक हजारो रुपये मोजतात ती इंधनाच्या टंचाईतून आलेली आहे, आणि यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडेही गोवरीवर आणि तुरकाठीवर शिजलेल्या अन्नाची चव अशीच जन्मली.

या चवीबद्दल बोलताना सर्रास एक आकडा पुढे केला जातो. त्याला पीपीएम म्हणतात, म्हणजे दहा लाख भागांत धुरातून आलेल्या फिनॉलवर्गातल्या द्रव्यांचे किती भाग आहेत ते. आयलावरच्या डिस्टिलऱ्यांत लॅगाव्हुलिनचा माल्ट 35 च्या आसपास, लाफ्रॉइगचा 40 ते 45, आर्डबेगचा साधारण 55. ब्रुकलॅडी डिस्टिलरीनं आपल्या ऑक्टोमोर मालिकेतल्या एका बाटलीसाठी हा आकडा 309 पर्यंत नेला. आकडा मोठा म्हणजे धूर जास्त, धूर जास्त म्हणजे पिणारा पट्टीचा, असा हिशेब मग आपोआप मांडला जातो. माझं म्हणणं असं की हा आकडा ग्राहकाला फारसं काही सांगत नाही, कारण तो पेल्यातल्या व्हिस्कीचा नसतोच. तो वाळवलेल्या दाण्याचा असतो. पुढे तो दाणा भरडतात, गरम पाण्यात घालून त्यातली साखर काढतात, चोथा वेगळा करतात, राहिलेला गोड रस आंबवतात आणि दोनदा गाळतात. चोथ्याबरोबर आणि गाळपात मिळून फिनॉलचा मोठा वाटा निघून जातो. बाटलीत भरेपर्यंत दाण्यातल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी उरतो. त्यातली काही घट पिंपात वर्षं काढताना होते. म्हणून एकाच डिस्टिलरीची 10 वर्षांची बाटली तिच्याच 25 वर्षांच्या बाटलीपेक्षा बहुधा जास्त धुरकट लागते. वय वाढलं की चव 'वाढते' असं मानणाऱ्यांनी निदान धुराच्या बाबतीत तरी हा समज सोडावा.

आकडा का फसवतो याचा सर्वांत चांगला पुरावा आयलावरच आहे. लॅगाव्हुलिन आणि कॉल ईला या दोन डिस्टिलऱ्या एकाच कंपनीच्या. दोघींना माल्ट एकाच ठिकाणाहून, पोर्ट एलनच्या माल्ट कारखान्यातून येतो, आणि त्याचं धुराचं मापही जवळपास सारखंच असतं. तरी पेल्यात दोन्ही वेगळ्या. लॅगाव्हुलिन जड, गडद, तोंडात रेंगाळणारी. कॉल ईला हलकी, स्वच्छ, तिच्यातला धूर समुद्रावरच्या वाऱ्यासारखा मोकळा. हा फरक भांड्याचा आकार, गाळण्याचा वेग आणि धार कुठे तोडली यातून येतो. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं, फिनॉल 182 ला, आणि धुराच्या वासात ज्याचा वाटा मोठा ते ग्वायाकॉल 205 अंशांना. त्यामुळे गाळपात ही जड द्रव्यं उशिरा, शेवटाकडे येतात. आपल्याकडे पहिल्या धारेच्या दारूचं कौतुक आहे. व्हिस्कीच्या भट्टीत मात्र पहिली धार वेगळी काढतात, मधली ठेवतात, आणि मधली कुठे संपवायची हा गाळणाऱ्याचा निर्णय असतो. लवकर थांबला तर व्हिस्कीत फळाफुलांचे हलके वास राहतात. आणखी थोडा वेळ धार चालू ठेवली तर धूर, चामडं, डांबर येऊ लागतं. तीच पिशवी, तोच आकडा, पण घड्याळाकडे पाहून घेतलेल्या एका निर्णयानं चव पालटते.

हवामानाचा वाटा तर भारतात डोळ्यांसमोर दिसतो. बंगळुरूची अमृत डिस्टिलरी 1948 साली राधाकृष्ण जगदाळे यांनी सुरू केली. ते आडनाव मराठी वाचकाला परकं नाही. अमृतनं आपली सिंगल माल्ट 2004 साली थेट ग्लासगोमध्ये बाजारात आणली. पुढे 2009 साली आलेल्या तिच्या 'फ्यूजन'मध्ये भारतीय जवाच्या जोडीला स्कॉटलंडमधून आणलेला, पीटच्या धुरावर वाळवलेला जव वापरलेला होता. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन डिस्टिलरी आहे. तिच्या व्हिस्क्या 2012 पासून बाजारात आहेत, आणि त्यांतल्या 'बोल्ड'साठी भारतातला जव आयलाहून आणलेल्या पीटवर वाळवतात. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दर वर्षी साधारण 2 टक्के द्रव उडून जातो. गोव्याच्या दमट उष्म्यात हे प्रमाण 8 टक्क्यांच्या आसपास आणि बंगळुरूच्या कोरड्या हवेत 10 ते 12 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे इथे लाकूड फार झपाट्यानं काम करतं आणि ओकची व्हॅनिला, मध, मसाल्याची चव धुरावर लवकर चढते. गोव्याच्या बाटलीत धूर आहे, पण तो गोडसर आणि भाजलेल्या मसाल्याच्या जवळचा आहे. आयलाच्या बाटलीतल्यासारखा खारट, बोचरा नाही. पीट तेच असलं तरी हवा वेगळी आहे.

आकडा बाजूला ठेवल्यावर पारख कशानं करायची? नाकानं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाहारी रश्शातली ती भरीव चव, एवढंच ओळखते. धूर तिच्या आवाक्यात नाही. गिळल्यावर घशामागून नाकात जी वाफ चढते ती आपण 'चव' म्हणून वाचतो. अल्कोहोलचा चटका तर चवही नाही आणि वासही नाही. तिखट मिरची ज्या मज्जातंतूंना डिवचते त्यांनाच ते डिवचतं. म्हणून 'कडक' हा शब्द धुराबद्दल वापरला की दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळतात. व्हिस्की बनवणाऱ्या कारखान्यांतले पारखी हे चांगलं जाणतात. ते दिवसाला कितीतरी नमुने तपासतात आणि त्यांतले बहुतेक फक्त हुंगतात. हुंगण्याआधी त्यात पाणी घालून अल्कोहोल 20 टक्क्यांच्या आसपास आणतात, म्हणजे चटका मागे हटतो आणि वास पुढे येतो. पाणी घातलं की चव 'पातळ' होते असं मानून भुवया उंचावणाऱ्यांसाठी एक संशोधन महत्त्वाचं आहे. स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी 2017 साली संगणकावर अल्कोहोल, पाणी आणि ग्वायाकॉल यांच्या रेणूंची हालचाल मांडून पाहिली. अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी, हवेच्या लगत जमतं. 59 टक्क्यांच्या पुढे ते अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलं जाऊन आत ओढलं जातं. याचा अर्थ, पिंपातून थेट भरलेल्या तीव्र व्हिस्कीत थोडं पाणी घातल्यावर धूर वर येतो असं जे जाणकार अनुभवानं सांगत, त्याला रेणूंच्या पातळीवर आधार सापडला. वर तोंड अरुंद असलेला पेला, त्यात वीसेक मिलिलिटर व्हिस्की, नाक पेल्यात न खुपसता थोडं वर धरायचं, ओठ किंचित उघडे ठेवायचे, मग चमचाभर पाणी आणि पुन्हा हुंगणं. पारखीची सारी कृती एवढीच. एकापेक्षा जास्त नमुने असतील तर धुरकट नमुना शेवटी घ्यावा, कारण फिनॉल नाकात एकदा बसलं की नंतरचं हलकं काही कळत नाही.

आता हे नाक येतं कुठून? इथे मला पुन्हा सुरतेला यावं लागतं. हिवाळ्यात सुरतेत पोंक येतो. ज्वारीची कोवळी, दुधाळ कणसं निखाऱ्यात आणि गरम राखेत भाजतात, झोडपून दाणे काढतात आणि लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. सोलापूर-नगरकडे हाच हुरडा, आगटीत गोवऱ्यांवर भाजलेला. सुरतेतल्या मराठी वस्तीचा मोठा भाग खानदेशातून आलेला आहे. तापीच्या खोऱ्यातून सुरत ते भुसावळ रेल्वे गेली आणि पुढे कापडाच्या उद्योगानं जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं लिंबायत, उधन्यापर्यंत आणली. त्यांच्याबरोबर भरीत आलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि कापसाच्या काड्यांवर भाजलेलं वांगं व गॅसवर भाजलेलं वांगं यांतला फरक तिथलं शाळकरी पोरही ओळखतं. हा फरक रसायनशास्त्रातही खरा आहे. काडी, लाकूड, गोवरी यांतलं लिग्निन नावाचं द्रव्य मंद आचेवर जळताना तुटतं आणि त्यातून ग्वायाकॉल आणि त्याचं भावंड सिरिंगॉल तयार होतं. ही दोन्ही द्रव्यं धुराबरोबर वांग्याच्या गरात, ज्वारीच्या दाण्यात उतरतात. गॅसच्या ज्योतीत लिग्निन नसतं, म्हणून तिथे साल करपते पण धूर उतरत नाही. पीटच्या धुरातही ग्वायाकॉल असतंच. आयलाच्या व्हिस्कीतला आणि काडीवरच्या भरितातला धूर काही अंशी एकाच रेणूचा आहे, हे एकदा कळलं की पीटची ओळख परदेशातून आयात करावी लागत नाही.

यावर रास्त आक्षेप येईल की आयलाची धुरकट व्हिस्की हुंगल्यावर भरीत आठवत नाही, दवाखाना आठवतो. बरोबर आहे, आणि माझ्या मुद्द्याला यातून बळच मिळतं. पीटमधलं प्रमुख शेवाळ, स्फॅग्नम, लाकडासारखं नसतं. त्यात खरं लिग्निन नसतं, वेगळ्या फिनॉलवर्गीय द्रव्यांचा साठा असतो. ते जळलं की ग्वायाकॉलच्या जोडीला साधं फिनॉल आणि क्रेसॉल भरपूर तयार होतात. फिनॉल म्हणजेच कार्बॉलिक ॲसिड. जोसेफ लिस्टरनं 1865 साली ग्लासगोच्या रुग्णालयात जखमा निर्जंतुक करायला तेच वापरलं. क्रेसॉल सरकारी दवाखान्याच्या फरशीवर फिरणाऱ्या काळ्या फिनाईलमध्ये असतं, आणि जुन्या लाल लाइफबॉयचा वासही याच कुळातला. म्हणून व्हिस्कीत 'औषधी' वास येतो असं कुणी म्हणालं तर तो नवखेपणा ठरत नाही. त्या नाकानं बरोबर रेणू ओळखला आहे. पारख म्हणजे या वासांच्या गुंत्यातून दोन धागे वेगळे काढणं: भरिताकडे जाणारा एक आणि फिनाईलकडे जाणारा दुसरा. स्कॉटलंडमधल्या वेगवेगळ्या भागांतल्या पीटचं पृथक्करण केल्यावर त्यांच्या धुरातलं या द्रव्यांचं प्रमाण वेगळं आढळलं आहे. ज्या दलदलीत लाकूडफाटा जास्त तिथे एक धागा जाड, जिथे शेवाळ जास्त तिथे दुसरा. हे वर्णन करायला धुरवलेले हेरिंग मासे, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळ, तिथल्या जुन्या जंतुनाशकांची नावं हवीतच असं नाही. परदेशी बाटल्यांवरच्या वर्णनांत हे शब्द येतात, कारण लिहिणाऱ्याच्या लहानपणी ते वास त्याच्या आसपास होते. मराठी माणसानं सुकट, आगटी, फिनाईल, पावसात भिजलेल्या चुलीची राख हे शब्द वापरले तर ते वर्णन कमी अचूक ठरत नाही. उलट त्याच्यासाठी जास्त अचूक ठरतं, कारण त्या शब्दांमागे त्याच्या नाकाची खरी आठवण असते.

नाकाच्या या निवाड्यात संदर्भ किती मोठा असतो हे द्राक्षाच्या वाइनवरून कळतं. 2020 साली कॅलिफोर्नियात वणवे लागले आणि धूर द्राक्षबागांवर पसरला, तेव्हा तिथल्या वाइनवाल्यांनी कितीतरी पीक सोडून दिलं, कारण वाइनमध्ये ग्वायाकॉलचा वास आला की तो दोष मानतात. एका बाटलीत दोष, दुसरीत दौलत, आणि रेणू तोच.

सर्वांत गंभीर आक्षेप दारूचाच आहे, आणि त्याला बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट म्हटलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 1988 पासून मद्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. महाग सिंगल माल्टमधलं अल्कोहोल या बाबतीत देशीतल्या अल्कोहोलपेक्षा तसूभरही सभ्य नाही. वर्ध्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती मागणाऱ्यांत बायका पुढे होत्या, आणि त्यांच्या मागणीमागे घरातली मारहाण आणि रिकामी चूल होती. रसिकतेच्या नावाखाली हे पुसून टाकावं असं मी म्हणत नाही. उलट पारख नाकाची आहे असं म्हणण्यात हाच फायदा आहे, की तिला प्रमाणाची गरज पडत नाही. दोन थेंब तोंडात फिरवून थुंकून टाकणारा पारखी बाटली रिकामी करणाऱ्यापेक्षा जास्त जाणतो. आणि कोसाडमध्ये राहणाऱ्यासाठी तर कायदा कायदाच आहे. दमण जवळ आहे, पण तिथली बाटली हद्दीच्या अलीकडे आणणं गुन्हा आहे, आणि तो करावा असं या लेखातलं काहीही सुचवत नाही. नाकाची एक मर्यादाही इथेच सांगायला हवी. भेसळीतलं मिथेनॉल वासानं ओळखता येत नाही, त्याचा वास साध्या अल्कोहोलसारखाच असतो. जुलै 2022 मध्ये गुजरातच्या बोटाद परिसरात मिथेनॉल पोटात जाऊन 40 हून अधिक माणसं गेली. कितीही तयार नाक असलं तरी बेकायदा, नाव-गाव नसलेल्या द्रवाची खात्री ते देऊ शकत नाही.

उरतो अस्सलपणाचा प्रश्न. स्कॉटलंडहून जहाजानं पीट आणून गोव्यात धूर करायचा यात गोवा कुठे आला, असं विचारणारे बरेच आहेत. त्यांना एवढंच विचारावं की आयलाच्या बाटलीत आयला किती असतो. तिथल्या अनेक डिस्टिलऱ्या वापरतात तो जव बव्हंशी बेटाबाहेर पिकलेला असतो, आणि पिंपं अमेरिकेतल्या बर्बनची किंवा स्पेनमधल्या शेरीची. जागेची खूण पाण्याहवेत, गाळणाऱ्याच्या निर्णयात आणि इंधनात असते. गोव्याच्या बाटलीत यांतली पहिली दोन गोव्याची आहेत, तिसरं नाही. तेव्हा आक्षेपाला वजन आहे, पण ते इंधनापुरतं. आणि पीटचा साठा काही अक्षय नाही. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम 3 टक्के भाग पीटनं व्यापलेला असला तरी सगळ्या जंगलांतल्या झाडापाल्यापेक्षा जास्त कार्बन त्यात अडकून आहे. हजार वर्षांत साठलेला मीटरभर थर कापून जाळणं पुढच्या काळात अवघड होत जाणार, महागही होणार.

दुसऱ्या इंधनांवर माल्ट वाळवून पाहणारे जगात आहेत. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसॉन शहरात डेल बॅक नावाची डिस्टिलरी मेस्क्विटच्या लाकडाच्या धुरावर जव वाळवते. आइसलँडमध्ये झाडं दुर्मिळ, म्हणून तिथे मांस धुरवायला मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्या जाळण्याची जुनी रीत आहे, आणि तिथली आइमव्हर्क डिस्टिलरी 'फ्लोकी' या नावाच्या एका व्हिस्कीसाठी जवही त्याच धुरावर वाळवते. आपल्याकडे गोवऱ्या आहेत, नारळाच्या करवंट्या आहेत, कापसाच्या काड्या तर खानदेशात वेचणी संपली की शेतातच जाळून टाकतात. मेस्क्विटच्या कुळातलं झाड तर गुजरातमध्ये गांडो बावळ आणि महाराष्ट्रात वेडी बाभूळ या नावानं माजलेलं आहे, आणि कच्छमध्ये त्याचा कोळसा पाडतात. या धुरावर वाळवलेल्या भारतीय जवाची व्हिस्की कशी निघेल याचा अंदाज रसायनावरून बांधता येतो. काडी आणि लाकडात लिग्निन असल्यामुळे ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल भरपूर येतील, क्रेसॉल कमी येईल. वास फिनाईलपासून दूर आणि भरिताच्या बराच जवळ असेल. पीट मंद धुमसतं, काडी भडकते, त्यामुळे भट्टीत हवा आणि ओल दोन्ही आवळून धरावी लागतील, आणि गाळताना धार कुठे तोडायची हे कुंकळ्ळीच्या कारागिरांना नव्यानं ठरवावं लागेल. गोव्यातल्या किंवा महाराष्ट्रातल्या एखाद्या डिस्टिलरीनं निदान एका पिंपापुरता हा प्रयोग करून पाहायला हवा.